सोलापूरचा यारखान

पौष निम्मा सरला की मोहोळच्या बाजारात हुरड्याची कणसं येतात. आमचा नातू ती पिशवीभर घेऊन येतो आणि स्वयंपाकघरात गॅसवर भाजतो. शेत नाही, आगटी नाही, गोवऱ्यांचा धूर नाही. पण वास तोच येतो. हिरव्या दाण्याचा गोडसर, करपलेल्या कुसळांचा जरा कडवट. तो नाकात गेला की मी मोहोळात उरत नाही. सोलापूरच्या आमच्या धाब्याच्या घरात, माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, उन्हाला पाठ देऊन बसलेली, सात महिन्यांची पोटुशी, अशी मी मला दिसायला लागते.

परवा असंच कणसं भाजणं चाललं होतं. रेडिओवर खेळांच्या बातम्या लागल्या होत्या. कुणी एक धावणारी मुलगी. जन्मली, वाढली एका देशात, आणि शर्यतीत उतरली दुसऱ्याच देशाच्या नावानं. नातू चिडलाच. म्हणाला, "आजी, असं कसं गं? देश म्हणजे काय सदरा आहे, बदलायला?"

मी दाणे चोळत राहिले. मला जे सांगायचं होतं ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले आहे.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. न्यायला अण्णा, म्हणजे माझे वडील, मोहोळला आले. अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, पण सोलापुरात त्यांना जॉबर म्हणून कुणी ओळखत नसे. गल्लीच्या टोकाला त्यांची तालीम होती, आणि सगळे त्यांना वस्ताद म्हणत. गाडीत बसल्यावर बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "घरी एक पाव्हणा हाय. थोराड हाय जरा. घाबरू नगंस."

मी म्हटलं, "कोण?"

"काबूलचा."

वर्षभरात माझं माहेरी येणं झालं नव्हतं. मला वाटलं, चेष्टा करतात. घरी पोचले तर ओसरीवर एक डोंगराएवढा माणूस मांडी घालून बसला होता. तांबूस दाढी, मांजरासारखे घारे डोळे, आणि मांडीशी आमचा दगडी खल. तो शेंगाची चटणी कुटत होता. आतून आई ओरडत होती, "हळू रे बाबा, हळू! खल फोडशील की!" त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि घाईघाईनं उठून बसायचा पाट माझ्यापुढं सरकवला. "बैस, बहन," तो म्हणाला. "लई दमली."

काबूलच्या घशातून निघालेलं ते 'लई' ऐकून मी उभ्या उभ्या हसले. यारखानची आणि माझी ओळख झाली ती अशी.

त्याची हकिकत मग आईनं सांगितली. आदल्या वर्षीच्या संक्रांतीच्या जत्रेत कुस्त्यांच्या एका ठेकेदारानं उत्तरेकडचे मल्ल आणले होते. त्यांत हा होता. त्याची कुस्ती लागली अण्णांच्या शिवाप्पाशी. शिवाप्पा म्हणजे त्या वेळचा सोलापूरचा पहिल्या नंबरचा पैलवान. शिवाप्पानं त्याला उचलून टाकला तो असा काही पडला, की डाव्या खांद्याचं हाड मोडलं. ठेकेदार दुसऱ्या दिवशी बाकीचे मल्ल घेऊन पुढच्या गावाला निघून गेला, आणि मोडका मल्ल धर्मशाळेत तसाच राहिला. अण्णांना कळलं तेव्हा ते बैलगाडी घेऊन गेले. आईनं दारातच विचारलं, "ह्याला कशाला आणलंत?" तर म्हणाले, "आमच्याच पोरानं मोडला न्हवं? मग आमीच बसवायचा."

पठाण म्हटला की आमच्या गिरणगावात व्याजानं पैसे लावणाराच आठवायचा. लाठी घेऊन दारात बसणारा. त्यामुळं यारखान ओसरीवर आला आणि गल्ली गप्प झाली. समोरची पारूबाई त्याला बघितलं की धाडकन दार लावी. आईसुद्धा पहिल्यांदा त्याचं ताट लांबून सरकवायची. त्याला ज्वारीची कडक भाकरी चावता येईना. पंधरा दिवस नुसतं दूध प्यायला, मग एक दिवस शेंगाची चटणी तोंडात घातली, डोळ्यांना पाणी आलं, नाक लाल झालं, आणि त्यानं भाकरी मागितली. त्या दिवसापासून त्याचं ताट आतल्या ओळीत आलं.

खांदा उन्हाळ्यात बरा झाला. अण्णांनी विचारलं, "आता जाणार का मुलखाला?" तो म्हणाला, ऊन उतरू दे. पाऊस झाला, तर म्हणाला, दसरा होऊ दे. दसराही झाला. तोवर तो तालमीत पोरांना डाव शिकवायला लागला होता. गिरणीतल्यांची पोरं, विणकरांची तेलुगू बोलणारी पोरं, बाजारातल्या खाटकांची पोरं, सगळी त्याच्या अंगावर चढायची. कुणाकडून काय उचलील याचा नेम नव्हता. अर्धी दखनी, थोडी मराठी, शिव्या तेवढ्या तेलुगूतल्या, आणि त्या कशा आहेत हे त्याला माहीतच नसायचं. पहाटे हौद्यातली लाल माती खोऱ्यानं उलथायची, तिच्यात तेल आणि ताक घालायचं, हे काम तो कुणाला करू देत नसे. मातीत पाय टाकण्याआधी वाकून चिमूटभर कपाळाला लावी. अण्णा मारुतीला हात जोडत, तो मातीला सलाम करी, आणि मग दोघं एकमेकांवर ओरडायला मोकळे.

ते दिवसही वेगळेच होते. लष्करी कायद्याची धामधूम होऊन फार काळ लोटला नव्हता. डोक्यावर पांढरी टोपी घातली म्हणून माणसं मार खात होती, हे आमच्या गल्लीनं डोळ्यांनी बघितलं होतं. मोहोळला मी सोलापूरची म्हटलं की बायका जरा सरकून बसायला जागा देत. मोठं काही मी केलं नव्हतं, चुलीपुढं बसले होते, तरी त्या नावाची ताठ मान मलाही आली होती. आपल्या गावाचं नाव कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, याबद्दल लोक फार हळवे झाले होते.

मला डोहाळे लागले हुरड्याचे. कुंभारीला मामाचं शेत होतं. अण्णांना गिरणीतून सवड नव्हती, म्हणून आई, मी आणि राखणीला यारखान असे गाडीतून निघालो. मामी आधी त्याला बघून ज्वारीच्या उभ्या ताटांमागंच थांबली. मामानं आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खोचली, ती फुलली, चटचटली. गरम कणीस हातात धरवेना. यारखाननं ते उचललं, आपल्या दोन तळव्यांत धरून एकदाच रगडलं आणि फुंकर मारली. कुसळं उडाली, ओंजळभर हिरवे दाणे राहिले. ती ओंजळ त्यानं आधी माझ्यापुढं केली, मग आईपुढं, मग ताटांच्या दिशेनं. मामी लाजत बाहेर आली आणि पदर पसरून दाणे घेतले.

"आमच्याकडं गहू," तो म्हणाला. "हिरवा गहू. असाच आग में. सामने पहाड, पहाड पे बर्फ."

बर्फ म्हणजे काय हे मामीला ठाऊक नव्हतं. त्यानं ते हातवारे करून सांगितलं आणि सांगता सांगता उत्तरेकडं बघायला लागला. वाऱ्यानं ज्वारी सळसळत होती. मला त्याची कीव आली. मी विचारलं, "यारभाई, मग तुमी आता कुठले म्हणायचं?"

तो माझ्याकडं बघून हसला. "तू कुठली?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मोहोळात सगळे मला सोलापूरची म्हणत, आणि सोलापूरला आले की आईच म्हणे, मोहोळकरीणबाई आल्या. भाजीत मीठ जास्त पडलं तर सासूबाई म्हणायच्या, "तुमच्याकडं असंच खातात काय?" आणि इथं मी चहात गूळ कमी घातला तर आई म्हणायची, "तुमच्याकडं असाच करतात व्हय?" मी हे त्याला सांगितलं. तो मांडीवर थाप मारून हसला. "बस, बहन. वहीच मेरा."

नाव बदललं, गाव बदललं, देव बदलले, ताटात पडणारी आमटीसुद्धा बदलली. आम्हा बायकांना हे करायला सांगतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. उलट सासरच्या नावासाठी जीव टाकणाऱ्या सुनेचं कौतुक होतं. तिनं माहेर टाकलं असं कोणी म्हणत नाही. त्या आगटीशी बसून मला पहिल्यांदा वाटलं, की हा एवढा थोरला मल्ल आणि मी, आम्ही एकाच वाटेवरचे आहोत.

संक्रांत तोंडावर आली आणि शिवाप्पा हिवतापानं आडवा झाला. ठेकेदारानं यंदा दिलावर नावाचा मल्ल आणला होता, तोही काबूलकडचाच. शेवटची मोठी कुस्ती सोलापूर विरुद्ध काबूल अशी गावभर पुकारून झालेली. आता सोलापूरकडून उतरवायचं कोणाला? जत्रेच्या कुस्त्यांचे पंच आमच्या ओसरीवर जमले. त्यांच्यात मुख्य होते सुताचे व्यापारी मल्लप्पाशेठ. अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत.

अण्णा म्हणाले, "यारखान उतरंल."

मल्लप्पाशेठ हसले. "काबुल्यासमोर काबुली? वस्ताद, लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"वरीस झालं, आमच्या हौद्यात घाम गाळतोय त्यो. सोलापूरचा न्हाय तर मग कुटला?"

"तसं न्हाय हो." शेठ आवाज खाली आणून म्हणाले, पण मी दारामागंच होते. "दोघं एका मुलखाचे. आत काय ठरवतील कुणाला ठावं? नुरा कुस्ती झाली तर?"

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, खोटी कुस्ती. तालमीच्या घरात हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. अण्णांचा चेहरा काळवंडला. ते उठले. खुंटीवर तालमीच्या कुलपाची किल्ली असायची, ती काढून त्यांनी शेठच्या पुढं ठेवली. "नुरा झाली असं तुमास्नी वाटलं तर कुलूप घाला आन किल्ली घिऊन जावा. पुन्यांदा म्या मातीत पाय ठिवनार न्हाय."

आई आतून नुसती "अगं बाई" म्हणाली. ती तालीम अण्णांच्या वस्तादांनी त्यांच्या हाती दिलेली. ती गेली तर अण्णांत काय उरणार, हे आम्हाला कळत होतं.

शेठ किल्लीकडं बघत राहिले. मग यारखानकडं वळून म्हणाले, "तुझा मुलूख स्वतंत्र हाय रं. तुमचा राजा, तुमचा बावटा. आमच्या गावावर सायबाचं निशाण. असल्या गावाचं नाव लावून तुला काय मिळायचं?"

यारखान खांबाला टेकून बसला होता. म्हणाला, "निशाण मेरे कू नहीं उठाया, शेठ. वस्ताद उठाया."

शेठनी किल्ली उचलली, क्षणभर हातात धरली आणि अण्णांच्या हातात परत दिली. "जत्रा झाल्यावर बघू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलावर स्वतःच आमच्या दारात आला. यारखानपेक्षा तरणा, टोपीत लाल फूल खोवलेलं. दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की ओसरीचा खांब हलला. मग त्यांच्या भाषेत बोलणं सुरू झालं. आईनं चहा दिला. दारातून, खिडकीतून गल्ली डोकावत होती. कोणालाच एक शब्द कळत नव्हता, आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दात लोकांना नुरा ऐकू येत होती. मध्येच यारखान रडायला लागला. उघडपणे, लहान पोरासारखा. पारूबाई खिडकीतून म्हणाली, "बघा, ठरलं ह्यांचं."

दिलावर गेल्यावर मी विचारलं, "काय झालं, यारभाई?"

"मां जिंदा है," तो म्हणाला. "मैं समझा, गयी. ये देख के आया. रोज रस्ते पे बैठती, बोला."

मी म्हटलं, "मग जाणार?"

"जाऊंगा. जत्रा के बाद."

"आणि उद्या? त्याच्याशी लढणार? तो काय म्हणाला?"

यारखाननं नाक पुसलं. "बोला, मेरे सामने पराया नाम ले के मत आ. लोग थूकेंगे, बोला." मग म्हणाला, "मां पूछेगी, खांदा कौन जोडा. मैं बोलूंगा, सोलापूर. वो पूछेगी, उनके नाम कू आदमी लगा तब तू कहां था? मैं क्या बोलूं, शरमाया? थप्पड मारेगी."

मला त्या क्षणी त्या न पाहिलेल्या म्हातारीचा फार आधार वाटला.

कुस्त्यांचं मैदान आमच्या गल्लीच्या मागंच होतं. बायका मैदानात जात नसत. पण आमच्या माळवदावरून निम्मा आखाडा दिसायचा. उरलेला निम्मा एका कडुलिंबाच्या झाडानं झाकलेला. दुपार कलायला लागली तशी गल्लीतल्या साऱ्या बायका आमच्या माळवदावर आल्या. पारूबाईसुद्धा आली. मला भिंतीशी पोतं टाकून बसवलं. हलगी कडाडत होती. तिळगुळाचा आणि माणसांच्या घामाचा वास धुळीबरोबर वर येत होता.

शेवटची कुस्ती पुकारायला पुकाऱ्या उठला. "काबूलचा दिलावर!" हलगी वाजली, माणसं ओरडली. मग तो म्हणाला, "सोलापूरचा..." आणि थांबला. दम घ्यायला थांबला की नाव घ्यायला बिचकला, मला आजही सांगता येणार नाही. माझा हात आईच्या हातात होता, तिनं तो इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "सोलापूरचा यारखान!"

कोणी तरी मोठ्यानं हसलं. थोड्या टाळ्या पडल्या, पण त्या आमच्या तालमीच्याच पोरांच्या असाव्यात. यारखान उतरला, माती कपाळाला लावली, शड्डू ठोकला. मैदानात मात्र पुटपुट चालू होती.

पहिल्याच झटक्यात दिलावरनं त्याचा डावा हात धरला. खांदा मोडलेला तोच हात. त्याला ठाऊक होतं. आणि मग मैदानाला हळूहळू कळत गेलं, की ही कुस्ती ठरवून चाललेली नाही. तो हात सोडवताना यारखाननं तोंडातून काढलेला आवाज आमच्या माळवदापर्यंत आला. दोनदा त्यानं दिलावरला खाली घेतलं, दोनदा दिलावर मासळीसारखा निसटला. मध्येच दोघं लिंबामागं गेले. आम्हाला आखाडा दिसेना, फक्त समोरच्या माणसांची तोंडं दिसत होती. त्या तोंडांवरूनच आम्ही कुस्ती बघत होतो. सगळ्यांचे ओठ एकदम मिटायचे, एकदम उघडायचे. एक म्हातारा आपलाच खांदा धरून उभा होता. "काय झालं? काय झालं गं?" पारूबाई माझ्या अंगावर रेलून विचारत होती.

लिंबामागून ते पुन्हा दिसले तेव्हा यारखान खाली होता. डोकं मातीत रोवून, मानेवर सगळा भार घेऊन, पाठ जमिनीपासून वर उचलून धरलेली. दिलावर त्याच्या छातीवर. डावा हात लुळा पडला होता. सोडून द्यायला हवी होती त्यानं कुस्ती. कोणी नाव ठेवलं नसतं. पण पाठ खाली येईना. हलगीवाला वाजवायचं विसरला. ऊन लिंबाच्या शेंड्यावरून सरकत होतं आणि सारं मैदान एका माणसाच्या पाठीखालच्या फटीकडं बघत होतं.

मग ती फट मिटली.

कोणीच ओरडलं नाही. दिलावरसुद्धा उठून हात वर करायचा राहिला, तसाच गुडघ्यावर बसून यारखानकडं बघत होता. आणि त्या शांततेत मागून कोणी तरी ओरडलं, "नुरा! नुरा हाय ही!"

अण्णा खाली, आखाड्याच्या कडेला उभे होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती हलली नाही.

हलले ते मल्लप्पाशेठ. पंचांसाठी मांडलेल्या बाकावर तो किडकिडीत माणूस चढला, त्याची टोपी पडली, आणि तो असा ओरडला की माळवदावरच्या पोरी दचकल्या. "कोण रं त्यो? फुडं यी! डोळं फुटलं का तुजं? आमचा पैलवान हात मोडून घिऊन पडलाय हितं, आन तू नुरा म्हनतोस? आमचा पैलवान!"

'आमचा' म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. आणि मग ते मैदानभर झालं. माणसं उठली, त्या ओरडणाऱ्याला धुंडायला लागली, तो कुठं गेला कुणास ठाऊक. शिवाप्पा अंगात ताप असताना घोंगडी लपेटून कुस्ती बघायला आला होता. तो घोंगडी टाकून आखाड्यात शिरला आणि यारखानला आपल्या खांद्यावर घेतलं. हरलेल्याला कधी कोणी उचलतं का? पण हलगी पुन्हा सुरू झाली, आणि हरलेला मल्ल मैदानाला फेरी घालून मिरवला. माझ्या शेजारी पारूबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. "आपला यारखान पडला गं बाई," ती म्हणत होती, "आपला यारखान पडला."

मी रडले नाही. मी भिंत धरून उभी राहिले. माझी मान, माझी पाठ, अशी कधी ताठ झाली नव्हती. मी सोलापूरची आहे आणि हे माझं गाव आहे, असं मला त्या दुपारी वाटलं तसं जिंकलेल्या एकाही दिवशी वाटलं नाही.

संध्याकाळी दिलावर आमच्याकडं जेवायला आला. त्याच्या डोक्याला बक्षिसाचा फेटा होता, तो त्यानं दारातच उतरवून ठेवला. यारखानचा हात अण्णांनी बांबूच्या कामट्या लावून बांधला होता, म्हणून दिलावर त्याला भाकरी मोडून देत होता. जेवता जेवता तो अण्णांना काही म्हणाला. यारखाननं सांगितलं, "वो बोलता, तुम लोग हमारा आदमी ले लिया."

अण्णांनी घास खाली ठेवला. "त्येला सांग, आमी घेतला न्हाय. त्यो आला."

दिलावरला ते कळलं तेव्हा त्यानं बराच विचार केला आणि मग चटणी मागितली.

वसंतात यारखान त्याच्याबरोबर आईला भेटायला गेला. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. तिच्या मुठीत बोट देऊन त्यानं निरोप घेतला. गल्ली म्हणाली, गेला तो गेला. मीही मनातून तेच धरून चालले होते. आणि जायलाच हवं होतं त्यानं, त्यात वावगं काय? पण पाऊस लागायच्या आत तो परत आला. वाळलेल्या तुतीची एक पिशवी आणि त्याच्या आईनं आमच्या आईसाठी दिलेली लोकरीची शाल घेऊन. सोलापूरच्या उकाड्यात ती शाल आई मे महिन्यातसुद्धा पायांवर घेऊन बसायची. पुढं तो दोनदा आपल्या आईकडं जाऊन आला, आणि ती गेल्यावर गेला नाही. अण्णांनंतर तालीम त्यानं आणि शिवाप्पानं मिळून चालवली. त्याची कबर सोलापुरातच आहे.

हे सगळं नातवाला सांगितलं पाहिजे. त्या धावणाऱ्या मुलीचं काय, कसं, मला ठाऊक नाही. तिला कोणी उचललं, तिनं कोणाला काय दिलं, तिची आई कुठं बसून वाट बघते, हे बातमीत सांगत नाहीत. कोणी लोभानंही जात असेल. पण मी एक माणूस बघितला आहे, ज्यानं एक नाव मनात जपलं आणि दुसरं छातीवर घेतलं, आणि दोन्ही उजळ ठेवली. म्हणून मी चटकन काही म्हणत नाही.

कुस्तीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र मला सगळ्यांत जास्त आठवते. खांदा बांधलेला, मान आखडलेली, तरी यारखान हट्टानं आईची पिशवी घेऊन भाजी आणायला बाजारात गेला. लवकर परतेना. आई काळजीत पडली. लोक काही बोलले तर, असं म्हणत ती चारदा दारात जाऊन आली.

तो आला तो हसत. वांगी अर्धीच आणली होती, कोथिंबीर विसरला होता. ओसरीवर बसून त्यानं एकेकाची नक्कल करायला सुरुवात केली. वांगीवाली म्हणाली होती, "का रं मुडद्या, डावा हात कशाला दिलास त्येच्या हातात?" चहावाल्यानं म्हणे चहा दिलाच नाही, आधी दहा वाक्यं सुनावली, मग दिला. पानाच्या दुकानातला म्हातारा ठेल्यावरून खाली उतरला आणि पाय कसा मागं ठेवायला हवा होता ते भर रस्त्यात करून दाखवताना स्वतःच पडला. एका तेलुगू विणकरानं त्याला त्याच्याच शिव्या परत दिल्या. मल्लप्पाशेठनी गादीवरून हाक मारून, गिऱ्हाइकांसमोर, "नाक कापलंस आमचं!" असं ठणकावलं.

आम्ही हसून हसून बेजार झालो. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईनं विचारलं, "मग तू काय म्हनालास रे?"

"मैं बोल्या, हौ, चुकलं."

मग त्यानं बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. "गये साल मैं गिरा," तो म्हणाला, "सब बोले, बिचारा. आज पूरा बाजार फिरा, अण्णा. एक भी नहीं बोला."